आवाजाच्या आधी

नातालमावशी गेल्याची बातमी मला देवळाच्या घंटेने दिली नाही, फरसूने दिली. शाळा सुटून मी नुकताच ओटीवर टेकलो होतो. फाटकापाशी फरसू उभा होता, टोपी हातात. आत ये म्हटलं तर आला नाही. तिथूनच म्हणाला, "मास्तर, आता घंटा वाजल. मयताची. नातालमावशी गेली. घाबरू नको." आणि शेजारच्या फाटकाकडे वळला. तिथेही त्याने हेच सांगितलं असावं, कारण घंटा वाजली तेव्हा पापडीच्या आमच्या आळीत कोणी दचकलं नाही. सगळे आधीच दारात येऊन उभे होते…

या निरोपाचं मोल कळायला फरसू कोण ते सांगायला हवं. हा माझ्या शेजारच्या वाडीतला. लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला, मोटारी हाकल्या आणि हातीपायी धड परत आला. गावाला तेवढं पुरेसं वाटलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर त्याला हार घातला, भाषण नेहमीप्रमाणे माझ्याकडून लिहून घेण्यात आलं, आणि लढाई संपली असं आम्ही सर्वांनी मिळून ठरवलं. फरसूला कोणी विचारलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात एका लग्नाच्या वरातीत फटाक्यांची माळ लागली आणि तो वाडीतल्या तळ्यात, आमच्या बावखलात, कपड्यांसकट उतरला. फक्त नाक पाण्यावर ठेवून तो शेवाळात दडून राहिला. बाहेर काढायला चौघे लागले. पुन्हा एकदा तसंच झालं. त्याचा थोरला भाऊ सायमन काही वाईट माणूस नव्हे. पण घरात लहान मुलं, बावखल खोल, आणि रात्रंदिवस पहारा कोण देणार? तो म्हणाला, आता पुन्हा झालं की ठाण्याला नेतो. ठाण्याला कचेऱ्या आहेत, कोर्ट आहे, पण आमच्याकडे माणसाला 'ठाण्याला नेतो' म्हटलं की कुठल्या इस्पितळाच्या दारात नेणार ते पोरासोरांनाही कळतं. तिथे गेलेला आमच्या आळीतला कोणी परत आल्याचं मला आठवत नाही.

नातालमावशी सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, फरसूही. ठाण्याचं तिच्या कानावर गेलं तेव्हा ती सायमनच्या ओटीवर येऊन बसली आणि पानाला चुना लावता लावता म्हणाली, "बालंतिनीला मी काय सांगते? कल येते आता, हात धर. न सांगता आली तर बाय किंचालते. सांगून आली तर दात खाते, पन निभावते. याचं पन तसंच करून बघू." मला हे फारसं पटलं नव्हतं. पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, नुसती शंका होती, आणि शंकेने कोणाला पाण्याबाहेर काढता येत नाही.

तेव्हापासून तिचं ते काम सुरू झालं. कुठे लग्न, कुठे देवळाचा सण, दिवाळीत कोणाच्या अंगणात काय वाजणार, ही खबर ती भाजीवाल्यांकडून, बँडवाल्यांकडून काढायची. मग आवाजाच्या आधी कोणीतरी फरसूपाशी जायचं, त्याचं मनगट धरून बसायचं आणि सांगायचं, आता वाजेल. कधी ती स्वतः, कधी घंटा वाजवणारा पेद्रू, कधी शेजारच्या बायका, कधी मी. आमच्या या मंडळाला नाव नव्हतं, शिक्का नव्हता, अध्यक्ष नव्हता. म्हणूनच ते टिकलं असावं. पाचूबंदरचा एक कोळी लढाईवरून आला तो समुद्राकडे पाठ करूनच बसायचा. त्याला तिने जाळी विणायला बसवलं, तेही असंच, सभा न भरवता. लोक चेष्टा करत. एकाने तिला विचारलं, मावशी, कोंबडा आरवायच्या आधीही सांगायला जातेस का? ती म्हणाली, "तुझी बायको तुला हाक मारते ना, त्याच्या आधी जाते. कोंबड्याचं काय एवढं?"

पुढे शेजारच्या बागायतदाराने, दुमिंगने, वाडीत पाणी ओढायला तेलाचं इंजिन आणलं. पिढ्यान् पिढ्या बैल रहाट ओढत होते, त्या कुरकुरीवर फरसूला झोप लागायची. इंजिनाची ती ठकठक ऐकून तर आम्हालाही बंदूक आठवायची, आणि आम्ही बंदूक फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली. मावशीने दुमिंगला अट घातली. रोज सकाळी ती बांधावरच्या दगडावर फरसूच्या शेजारी बसणार. दुमिंगने हँडल हातात घेऊन हाक द्यायची, "लावतो रे!" आणि तिकडून "लाव" असं आल्याशिवाय हँडल फिरवायचं नाही. हाक आणि उत्तर यांच्यामध्ये एक शांतता असे. कधी ती एवढी लांबायची की मी ओटीवर चहाचा पेला तसाच धरून बसायचो. बावखलाकडे कान. पाणी वाजतं का… मग मावशीचा आवाज यायचा, "लाव," आणि आळीतली सगळी भांडी पुन्हा वाजू लागायची.

माझ्या मनातून न जाणारा दिवस मात्र सत्काराचा. काही प्रतिष्ठित मंडळींना लढाईहून आलेल्यांची आणि 'त्यांच्या निःस्वार्थ सेवकांची' एकदम आठवण झाली. मैदानात मांडव पडला. सैनिकांना मानवंदना म्हणून लोखंडी नळ्यांत दारू ठासून बार उडवायचे ठरले. मावशी समारंभाच्या चिटणिसांकडे गेली, बार नको म्हणाली. त्यांनी तिला समजावलं की बाराशिवाय मानवंदना म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. अखेर ठरलं ते एवढंच, की पाहुण्यांनी मांडवात पाऊल ठेवलं की बार होईल, त्याआधी नाही, त्यानंतर नाही. म्हणजे तिला सांगता येईल. तिने फरसूला सांगितलं. पहिल्या रांगेत त्याचं मनगट धरून बसली. "आता वाजल हां."

वाजलं नाही. पाहुणे वेळेवर आलेच नाहीत.

न सांगता आलेल्या आवाजाहून वाईट असा एक आवाज असतो, सांगितलेला आणि न आलेला, हे मला त्या दिवशी कळलं. फरसूच्या कानामागून घाम उतरत होता. त्याच्या टाचा जमिनीत रुतत होत्या. मागच्या रांगेत सायमन बसला होता, तो व्यासपीठाकडे नाही, भावाच्या टाचांकडे बघत होता. आज इतक्या लोकांदेखत काही झालं, तर ठाण्याचा रस्ता कोणी अडवू शकणार नव्हतं. वेळ काढायला भाषणं सुरू झाली. त्यागावर बोलणारे गृहस्थ तर वेळ अजिबात त्यागेनात. मग सत्कारच उरकून घेऊ म्हणून मावशीचं नाव पुकारलं. ती उठेना. पुन्हा पुकारलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला. शेवटी ती उठली आणि फरसूला घेऊनच व्यासपीठावर चढली. एका हातात फरसूचं मनगट होतं, म्हणून शाल एकाच खांद्यावर बसली. नारळ कुठे द्यावा हे अध्यक्षांना कळेना. नेमके त्याच क्षणी पाहुणे मांडवात शिरले.

पहिला बार झाला तेव्हा फरसू पळाला नाही. त्याने मावशीला खाली ओढलं आणि तिच्यावर पालथा पडला, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून. नारळ गडगडत पाहुण्यांच्या पायाशी गेला. कोणीतरी हसलं. अध्यक्षही टेबलाखाली गेले होते. चष्मा पडला होता असं त्यांनी नंतर सांगितलं. मी सायमनकडे पाहिलं. तो उभा राहिला होता, चेहरा राखेसारखा. दुसऱ्या बाराआधी त्या शालीच्या ढिगातून मावशीचा आवाज आला, अगदी बाळंतघरातला असावा तसा.

"बरं केलंस, पोरा. संपले का आनखी हायत?"

"आनखी हायत," फरसू म्हणाला. "उठू नको."

"नाय उठत. तू सांग तवा उठू."

ती दोघं तशीच पडून राहिली. सगळे बार होऊन गेले, धूर खाली बसला, मग फरसू म्हणाला, "आता उठ." मावशीने लुगड्याची धूळ झटकली आणि अध्यक्षांना म्हणाली, चला, द्या तो नारल. परतताना सायमन भावाच्या बरोबरीने चालत होता. रस्ता बावखलाच्या काठानेच जातो. तो पाण्याच्या बाजूने चालला नाही. ती बाजू त्याने फरसूला दिली. ठाण्याचं नाव त्यानंतर त्याच्या तोंडून आलं नाही… मावशी होती तोवर.

ती गेली आणि इंजिन थांबलं. कोणी ठरवलं नव्हतं. दुमिंगने बैल पुन्हा रहाटाला जुंपले, पण इंजिनाच्या भरवशावर वाढवलेली पानवेल रहाटाच्या पाण्यावर भागेना, खालची पानं पिवळी पडली. सातव्या दिवसाच्या मिस्सेला सायमन माझ्याशेजारी गुडघे टेकून होता. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "मास्तर, मावशी होती तोवर ठीक. आता रोज कोन बसल?" मी बसेन, असं म्हणालो खरा. पण मी त्याचं मनगट धरणं म्हणजे धरणारा आणि धरलेला यांपैकी जास्त घाबरलेला कोण ते सांगता न येणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर पोचायच्या आधीच फरसू तिथे होता. मावशीच्या दगडावर, स्वतःच्या जागेवर नाही. डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट धरलेलं. इंजिनापाशी दुमिंग नुसताच उभा. फरसू त्याला म्हणाला, "लाव."

दुमिंग हलला नाही. "तुझ्यापाशी कोन हाय?"

"मीच हाय," फरसू म्हणाला. "तू आधी हाक दे."

दुमिंगने हाक दिली. हँडल फिरलं. फरसूचे डोळे मिटले, ओठ पांढरे पडले. बांध सोडून तो कुठे गेला नाही. सायमन केळीआड उभा होता, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्याला काही आठवडे झाले. हे सगळं नीट पार पडलं असं लिहायचा मोह होतो, पण मला भाषणं लिहायची सवय आहे, म्हणून त्या मोहापासून जपतो. दगड तिथेच आहे, मावशीच्या बसण्याने मधोमध गुळगुळीत झालेला. रोज सकाळी हाक येते आणि मी पेला तसाच धरून बावखलाकडे कान देतो. काही दिवस उत्तर लगेच येतं, काही दिवस येत नाही. सायमन आपल्या ओटीवर आणि मी माझ्या ओटीवर, एकमेकांकडे न बघता बसून राहतो.

आज फार उशीर झाला. चहावर साय धरली, सायमन उठून पायरीपर्यंत आला…

मग बांधावरून आलं, "लाव."