असोद्याहून धुळ्याला: जीप बदलायला गेलो तेव्हा

जळगाव ते धुळे रस्ता आता इतका रुंद झालाय की घरून बांधून घेतलेलं भरीत गार व्हायच्या आत धुळं येतं. मी सांगतेय तो प्रवास नव्वद-एक्क्याण्णवच्या हिवाळ्यातला. तेव्हा रस्ता एवढासा होता, समोरून ट्रक आला की दोघांचंही एकेक चाक मातीत. आणि आमची गाडी म्हणजे आबांनी मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली जीप. मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं, दारं नाहीत, कापडी हूड, आणि थंडीत हँडल मारल्याशिवाय जागी व्हायची नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. नवरा जळगावच्या शाळेत मास्तर, त्यामुळे केळीचा मळा आबा आणि मी बघायचो. जीप चालवायला मला त्यांनीच खळ्यात शिकवली होती. सुनेच्या हातात स्टिअरिंग दिलं म्हणून आमच्या गावात, असोद्यात, बरीच चर्चा झाली, पण आबांना चर्चा ऐकू येत नसत. एका सकाळी चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "आपण नवी गाळी घेऊ. ही मोडीत देऊ." आमच्या पूर्वेकडच्या बोलीत ड चा ळ होतो, म्हणून गाडीची गाळी. आणि मोडीत देणं म्हणजे जळगावच्या सराफाकडे जुनी पाटली देऊन नवी घेतात, तसं.

मला आनंदच झाला, कारण त्या जीपने माझी अब्रू घालवली होती. आमचा मळा नाल्यापलीकडे. आदल्या पावसाळ्यात कापलेल्या केळीने भरलेली ट्रॉली घेऊन मी नाल्यात उतरले. पुढच्या चाकांनाही जोर देणारा एक वेगळा दांडा असतो, फोर व्हीलचा. आमच्याकडे त्याला लाल मूठ होती. तो आबांनी शिकवला तसा ओढला. तरी मागची चाकं गाऱ्यात, म्हणजे चिखलात, फिरत राहिली आणि जीप बसली. बैल आणेपर्यंत रस्त्यावर केळी न्यायला आलेला ट्रक निघून गेला. केळी दोन दिवस काठावर पडून काळी झाली. पारावरून निकाल आला, नाचता येईना अंगण वाकडं. आबा त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचंही तेच मत असणार असं मी धरून चालले. त्यानंतर नाला आला की मी जीप काठावर उभी करायचे आणि पलीकडून माल बैलगाडीने आणवायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, क्लच घासतो.

धुळ्यात जीपांची देवघेव करणारे एक भिकनभाऊ होते. आबांनी जळगावच्या एसटीडी बूथवरून त्यांना फोन लावून मोठ्याने विचारलं, "फोर व्हील आहे ना?" पलीकडून तितक्याच मोठ्याने उत्तर आलं, फोर व्हीलरच आहे. आबा खूश. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शेत माह्यं, पण चालवणार तू. तू पसंत करशील तीच घ्यायची."

पहाटे निघालो. डब्यात कळण्याची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी-उडदाची, आणि भरीत थंडीतलंच खावं, इतर महिन्यांतलं नुसतं वांगं असतं. भरताच्या वांग्यांच्या असोद्याची म्हणून एवढं बोलण्याचा मला हक्क आहे. एरंडोलला उजाडलं. पारोळ्याला किल्ल्याजवळ चहा घेतला. चहावाल्या अक्कांनी आधी स्टिअरिंगवर बसलेल्या मला पाहिलं, मग शेजारी उपरणं गुंडाळून बसलेल्या आबांना. "बाबाले बरं नही का?" त्यांनी विचारलं. "बाबाले बरं शे," आबा त्यांच्याच अहिराणीत म्हणाले, "बाबा साहेब शे, ही ड्रायव्हर शे." अक्कांनी मला दुसरा चहा फुकट दिला.

भिकनभाऊंच्या अंगणात जीप उभी होती. पाच-सहा वर्षांची, हिरवीगार, दारं असलेली. किल्ली फिरवली की एका दमात सुरू. सीट इतकी मऊ की मला क्षणभर आमच्या जीपची लाज वाटली. मग पायाजवळ हात घातला आणि लाल मूठ शोधू लागले. लाल नाही, काळी नाही, मूठच नाही. गिअरचा एकच दांडा.

"भाऊ, फोर व्हीलचा दांडा कुठंय?"

भिकनभाऊंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, चार चाकं शेतस ना? आखो कितला जोयजे तुमले?"

आणखी किती हवीत म्हणे! आबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. फोर व्हीलर. स्कूटरला दोन, रिक्षाला तीन, हिला चार. माणूस एक अक्षरही खोटं बोलला नव्हता.

पण भिकनभाऊही हार मानणारे नव्हते. इंजिनात इतका दम आहे की दांड्याची गरजच नाही, म्हणाले, चला पांझरेवर. नदीचं पात्र गावातच, हिवाळ्यात अर्धं पाणी, अर्धी वाळू. त्यांनी स्वतः हिरवी जीप वाळूत घातली. वीस पावलं गेली आणि पोटापर्यंत बसली. धुणं धुणाऱ्या बायांनी हात थांबवले.

आता माझ्या अंगात आलं. म्हटलं, भाऊ, तुम्ही उतरा, आमची म्हातारी काढते तुम्हाला. दोर बांधला, लाल मूठ ओढली, पहिला गिअर टाकला. काठावरून आबा काहीतरी ओरडत होते. पुढे जा म्हणत असतील असं समजून मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि आमची म्हातारीही नव्या सुनेसारखी मुकाट हिरवीच्या शेजारी बसली.

एक जीप विकायला आलेली, एक घ्यायची, दोन्ही वाळूत. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पुन्हा तोच दांडा, पुन्हा तेच चाक.

भिकनभाऊंचा मिस्त्री वाळू उपसायला जीपखाली सरपटत गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "ताई, हिना पुढला शाफ्टच नही शे. बठ्ठी ताकद मांगला चाकले जाई राहिनी."

म्हणजे गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंत जोर नेणारा लोखंडी दांडाच जागेवर नव्हता. लाल मूठ कितीही ओढली तरी पुढची चाकं शोभेची. मी आबांकडे वळून पाहिलं. ते एकवीरादेवीच्या देवळाकडे पाहत होते, आणि बराच वेळ पाहत राहिले.

बाहेर निघायला दोन बैलजोड्या आणि बारदानाची डझनभर पोती लागली. सौदा झाला नाही हे सांगायला नको. तरी भिकनभाऊंनी रात्री घरी जेवायला नेलं, शेवभाजी इतकी तिखट की कान गरम झाले. मुक्काम आग्रा रोडवरच्या लॉजवर, दोन खोल्या शंभराच्या आत. नवीन प्रवाशांनी तो भाव शोधत बसू नये.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. एरंडोल आल्यावर आबा म्हणाले, पद्मालयाला घे. हा फाटा कुणीही चुकवू नये. दहाएक किलोमीटर आत, झाडीतून चढता रस्ता, वर कमळांचं तळं, आणि एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एकाची सोंड उजवी, एकाची डावी. दर्शन घेऊन तळ्याच्या पायरीवर बसलो.

"शाफ्ट मी काढेल होता," आबा म्हणाले. "डिझेल कमी पितं म्हणून कोन्ही सांगतलं. उन्हाळ्यात काढला, पावसाच्या आधी बसवू म्हटलं, अन् इसरलो. तू नाल्यात फसली तव्हा याद आलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"लाज वाटली पोरी. मंग वाटलं, तुले नवी गाळी घेऊन द्यावी, म्हंजे सांगाचं काम नाही पडणार."

मला राग आला. चांगलाच आला, खोटं कशाला सांगू. सहा महिने मी नाल्याच्या काठावरून परत फिरत होते. पण राग येता येताच मला हसूही फुटायला लागलं, कारण अंगण खरंच वाकडं होतं आणि मला नाचता येत होतं.

"शाफ्ट आहे कुठे आता?"

"गोठ्याच्या माळ्यावर. पोत्यात बांधेल आहे."

काखेत कळसा आणि आम्ही धुळ्यापर्यंत वळसा घालून आलो होतो.

आठ दिवसांनी शाफ्ट घासूनपुसून, ग्रीस भरून बसवला. त्याच आठवड्यात केळीची कटाई होती आणि पाटाचं पाणी सुटल्यामुळे नाल्यात गुडघाभर गारा झाला होता. बैलगाड्या बोलावल्या होत्या, मी त्यांना थांबा म्हटलं. ट्रॉली भरली. काठावर माणसं जमली, पारावरची सगळीच. आबा शेजारी बसायला आले, त्यांना मी खाली उतरवलं.

लाल मूठ ओढली. चाकं गाऱ्यात उतरली तसं स्टिअरिंग हातात जिवंत झालं, पुढून कुणी धरून ओढतंय असं. मधोमध एकदा जीप घुटमळली. मी गिअर सोडला नाही. पुढची चाकं चिखल चावत वर चढली, मागून ट्रॉली आली, आणि मी रस्त्यावरच्या ट्रकच्या शेजारी जाऊन इंजिन बंद केलं. मला मोठमोठ्याने गावंसं वाटत होतं.

नाल्यापलीकडे आबा माणसांत उभे होते. आवाज त्यांचा पहिल्यापासून मोठाच. "मांगच्या पावसात गाळी फसली ते सुनेनं नाही केलं," ते म्हणाले. "शाफ्ट मी काढेल होता. अंगण म्या वाकळं केलतं." पारावरच्या एकाने टोपी सरळ केली. मग आबांनी धोतर गुडघ्यावर खोचलं आणि चिखल तुडवत माझ्याकडे यायला लागले.

ती जीप पुढे खूप वर्षं चालली. नवीही घेतली नंतर, घ्यावीच लागली. शोरूममधला मुलगा म्हणाला, मॅडम, सीटवर बसून बघा. मी त्याच्याकडे एक पोतं मागितलं, जमिनीवर अंथरलं आणि आधी गाडीखाली गेले.