पुढं ठेवलेली घागर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात सगळे म्हणायचे, आता पाणी येईल. टँकर आला.

आम्ही बौद्ध. आमचा आड वेगळा होता, तो आटला. गावातल्या सवर्णांची विहीरही आटली. टँकरवाला फार वेळ थांबत नसे, म्हणून तेवढ्यापुरती सगळ्या गावाची एकच रांग. तरी आमच्या आणि त्यांच्या घागरीत वीतभर जागा सोडायची. कुणी सांगितलं नव्हतं, सगळे सोडायचे.

माझी थोरली सहावीत होती. एके दिवशी रांगेत बसून इंग्रजी पुटपुटत होती. मी चौथी शिकलेली. विचारलं, "काय बडबडायलीस?"

"प्रश्न करायलेय. मराठीत नुसतं 'का' लावलं की भागतं. इंग्रजीत शब्दच उठून पुढं बसतो. 'शी इज गोइंग' म्हंजे ती चाललीय. चाललीय का, म्हणायचं तर 'इज' पुढं."

मला कळेना.

"आये, हिकडं बघ. आपली घागर 'शी'. मागची 'इज'." तिनं मागची तांब्याची घागर उचलली आणि आमच्या घागरीच्या पुढं ठेवली. "झाला प्रश्न!"

ती घागर त्यांच्यातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची. त्याची बायको लिंबाखालून ओरडली, "माझ्या घागरीला हात कुणी लावला गं?"

"अक्का, लेकरू हाय," मी म्हणाले. "तुमचा नंबर पुढंच गेलाय."

"तुला कुणी सांगितलं पुढं न्यायला? आता ही घासू कशानं? पाणी तुझा बाप देतो का?"

मागून एकजण हसली, "नका घासू अक्का, शाळा शिकलीय आता तुमची घागर!"

मी मुलीच्या पाठीत धपाटा घातला. मग आमची घागर उचलली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. अक्कानं घागर घासली नाही. पुढच्या नंबरावर भरली आणि घेऊन गेली. आमच्यापर्यंत नंबर येईस्तोवर टँकर संपला.

वाटेत मुलगी म्हणाली, "आये, तिला तर पुढचा नंबर मिळाला. मग आपण मागं का गेलो?"

"गप चाल," मी म्हणाले.

धपाट्याचं मला काही वाटत नाही, सगळ्याच आया घालतात. घागर मागं न्यायला मला कुणीही सांगितलं नव्हतं, त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती रांगेत आली नाही. मी एकटीच गेले, घागर ठेवली, आणि वीतभर जागा सोडली.