पुडी न देणारी मो

आमच्या बाजारात औषधाच्या दुकानाबद्दल लोकांचं मत अगदी साधं होतं. जायचं, दुखतं तिथं बोट लावायचं आणि पुडी घेऊन यायचं. पुडी म्हणजे प्लास्टिकच्या इवल्याशा पिशवीत चार-सहा रंगीत गोळ्या. कशाच्या, ते विचारायची पद्धत नव्हती. दुकानदार को हेंगनं उभा जन्म पुड्या बांधल्या. कंबरेची वेगळी, सांध्यांची वेगळी, आणि भातकापणीच्या दिवसांत अंगदुखीची तर चहासारखी खपायची. सगळे त्याला मो म्हणत. आमच्या थाई भाषेत डॉक्टरही मो आणि औषधवालाही मो. गुण आला म्हणजे झालं.

तो गेल्यावर त्याची मुलगी आंचन दुकानात उभी राहिली. बँकॉकला रीतसर औषधशास्त्र शिकून आलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा कोट. आल्या आल्या तिनं पुड्या बंद केल्या. वर प्रश्न विचारायला लागली.

"डोकं दुखतंय म्हणून गेले, तर म्हणते बीपी कधी मोजलंत, आणखी काय काय घेता!" मासेवाली संगियम बाजारभर सांगत सुटली. "मी काय मुलगी दाखवायला गेले होते? बापानं दुकान काढलं, पोरीनं शाळा काढली!"

लोक हसले आणि नदीपलीकडच्या किराणावाल्याकडे वळले. तो साबणाशेजारी पुड्या ठेवायचा आणि प्रश्न विचारायचा नाही.

माझी तळलेल्या केळ्यांची कढई आंचनच्या दारासमोरच. त्यामुळे मला जे दिसायचं ते या शहाण्यांना दिसत नव्हतं. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पाकिटांवर ती पेनानं सूर्य काढून द्यायची, चंद्र काढून द्यायची. कुणाचा खोकला लांबला, तर बाटली न विकता त्याला इस्पितळाची वाट दाखवायची. अशानं दुकान चालतं का? पण तिची मान ताठ होती. मला ती मान आवडायची.

माझा नवरा थविन भाताच्या गिरणीत पोती वाहतो. कंबरेसाठी तो कित्येक वर्षं पुडीवर होता. हल्ली त्याचा चेहरा चांगला गोल झाला होता. लोक म्हणत, बायकोच्या हाताला चव आहे. मीही मान डोलवायची. एकदा तो केळी खात उभा असताना आंचन बाहेर आली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"काका, चेहरा असा कधीपासून?"

"सुखाचा आहे गं तो!"

"आणि हातावरचे निळे डाग? तेही सुखाचे?" ती हसली नाही. "काका, तुमच्या कंबरेच्या पुडीत स्टिरॉइड असतं, त्यानंच हे होतं. ती बंद करायला हवी. पण एकदम नाही हं. शरीराला तिची सवय लागलीय. पुडी घेऊन माझ्याकडे या, आपण इस्पितळात जाऊ, हळूहळू कमी करू."

आमच्या माणसानं यातलं 'बंद करायला हवी' एवढंच ऐकलं. बाकीचं केळ्याबरोबर गिळलं.

पुढच्याच पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला विहारमुक्काम, लागत होता. त्या दिवशी आमच्या विहारात पुरुष एकेक करून उठतात आणि पावसाळाभर दारूला शिवणार नाही असा नेम घेतात. थविन दारू पीत नाही, म्हणून बिचारा दरवर्षी नुसता बसून दुसऱ्यांचं कौतुक बघायचा. यंदा तो ताडकन उठला.

"भंतेजी, माझा नेम पुडीचा! आजपासून बंद!"

सगळ्यांनी हात जोडले, म्हाताऱ्या 'साधु, साधु' म्हणाल्या. घरी येताना त्यानं उरलेल्या पुड्या नदीत फेकल्या. अशी ऐट, की जणू नदीवर उपकार केले.

दोन-तीन दिवसांत त्याचं खाणं सुटलं. मग उलट्या. मी म्हटलं, विष बाहेर पडतंय, पडू दे. आणि एका सकाळी गिरणीतल्या माणसांनी त्याला हातगाडीवर घालून माझ्यासमोर आणला. अंग गार, डोळे वर. मी किंचाळले.

"हिनंच केलं!" संगियम मासे टाकून धावत आली. "हिनंच त्याचं औषध तोडलं! बाप जगवायचा, पोरगी मारते!"

बाजार गोळा झाला. दुकानावर कुणीतरी चप्पलही फेकली. आंचननं तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती गुडघ्यांवर बसली, थविनचं मनगट धरलं आणि मला विचारलं, "मावशी, शेवटची पुडी कधी घेतली?"

"नेमाच्या आदल्या दिवशी."

तिचा चेहरा उतरला. "एकदम बंद केली?" मग ती उठली, भर गर्दीच्या वेळी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि बर्फवाल्याच्या पिकअपमध्ये आमच्याबरोबर चढली. वाटेतच तिनं इस्पितळात फोन करून सगळं सांगितलं. दारात डॉक्टरीण सलाइन घेऊन तयार होती. "पुडीचं आधी कळलं म्हणून बरं झालं," ती आंचनला म्हणाली, आणि दोघी मिळून कामाला लागल्या.

संध्याकाळी थविननं डोळे उघडले. मी रडत होते, हसत होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे गोळी धरली, आणि या शहाण्यानं तोंड घट्ट मिटलं.

"त्या पुडीतलीच ना? नाही घेणार. बुद्धासमोर बोललोय मी."

"ही थांबवली तर पुन्हा पडाल," डॉक्टरीण म्हणाली.

"पडेन. खोटा नाही ठरणार."

मी हात जोडले, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. आंचननं वाद घातला नाही. तिनं विहारात फोन लावला, भंतेजींना काय झालं ते सांगितलं आणि फोन थविनच्या कानाला धरला.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "थविन, नेम पुडीचा होता, जीव द्यायचा नव्हता. ती मुलगी कमी करत नेईल तसा कमी होऊ दे. नेम लांबला तर लांबू दे. गोळी घे."

त्यानं आंचनच्या हातून गोळी घेतली. पुढे पावसाळाभर तो तिच्या दुकानात जात राहिला. इस्पितळातून लिहून येईल तशी ती गोळीचे तुकडे करून द्यायची, बीपी मोजायची आणि कंबरेसाठी व्यायाम करून घ्यायची. तो कण्हायचा, ती रागवायची.

वर्षावास संपला त्या दिवशी विहारात नेम पाळणारे अभिमानानं उभे राहिले. थविन शेवटी उठला.

"माझा अजून पुरा नाही झाला. पाव गोळी चालू आहे. मो सांगेल तेव्हा संपेल."

कुणी हसलं नाही. मग संगियम उठली, कमरेला खोचलेली पुडी काढली आणि पिकदाणीत टाकायला वाकली. आंचननं मागून तिचा हात धरला.

"मावशी, टाकू नका. उद्या ही घेऊन दुकानात या."

जिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो, ती संगियम पुटपुटली, "येते. विचार तुला काय विचारायचं ते." आणि माझ्या डोळ्यांदेखत आजूबाजूच्या बायकांचे हात आपापल्या कमरेकडे गेले.