मनगटाचा पट्टा

"हातांकडं नको बगू गो बाय, हात खोटं बोलतात. पाय बग."

असं म्हणत भाई खजुराच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा उचलायचे आणि माझ्या स्क्रीनवर आडवा धरायचे. खेळाडूचं कमरेपासून वरचं सगळं पुठ्ठ्यामागे जायचं. खाली उरायचे दोन बूट, थोडं गवत आणि भाईंचं बोट. मी मुकाट्याने क्लिप पुन्हा सुरुवातीपासून लावायची.

आमचं ऑफिस दोह्यात, अल अझीझियाला, एका लाँड्रीच्या वर. काम असं की सांगितलं की लोक आधी हसतात. अमेरिकेत कॉलेजची पोरं हेल्मेट घालून जो फुटबॉल खेळतात, त्यातली कोणती पोरं पुढे व्यावसायिक क्लबांनी घ्यावीत याचे रिपोर्ट आम्ही लिहायचो. दर एप्रिलात तिकडे ड्राफ्ट होतो, म्हणजे क्लब आळीपाळीने एकेक पोरगा उचलतात. त्याआधी तिकडची एक कंपनी आम्हाला सामन्यांचे व्हिडिओ पाठवायची. आमच्या टेबलाच्या वाट्याला रिसीव्हर आले होते. लांब पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलतात ते. मी नाशिकची, भाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. दोघांपैकी एकानेही हा खेळ मैदानावर जाऊन पाहिलेला नव्हता. तरी सांगते, भाईंइतका तो कळलेला माणूस मी पाहिला नाही.

जवानीत ते गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचे, चढाईला. रिसीव्हरच्या समोर एक गडी हात पसरून उभा असतो, आणि त्याला चुकवून पहिल्या तीन पावलांत सुटायचं असतं. "ही चढाईच हाय," ते म्हणायचे, "फक्त ह्यात दम सोडायची मुभा दिलीय." मला हा खेळ त्या एका वाक्याने कळला. त्याआधी कंपनीचं दोन आठवड्यांचं ट्रेनिंग झालं होतं, ते पाण्यात गेलं होतं.

खेळाडूला ते स्थळ म्हणायचे. रत्नागिरीत बावीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढलेला माणूस, दुसरं काय म्हणणार? "हे स्थळ दिसायला बरं हाय, पण उतावळं." "हा पोरगा घरंदाज हाय, पडला तरी चेंडू सोडीत नाय." हे सगळं इंग्रजीत उतरवायचं काम माझं. 'घरंदाज'ला काय लिहायचं या विचारात माझी अर्धी सकाळ जायची, आणि ते शांतपणे पुढची क्लिप लावून बसायचे.

आता त्यांच्या दुसऱ्या गुणाबद्दल सांगते. भाई डूख धरायचे. खालच्या कॅफेटेरियावाल्याने एकदा त्यांना करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, थंडगार दिला आणि वर "पी लो ना भाई" म्हणाला. तेव्हापासून हा माणूस चहाला दोन गल्ल्या पलीकडे जायचा. जुलैच्या उन्हातसुद्धा, डोक्याला रुमाल बांधून. कॅफेटेरियावाला पुढे बदलला, नवीन बिचारा सलाम करायचा, पण यांचा रस्ता बदलला नाही.

आणि तो पंच. तालुक्याच्या एका फायनलला पंचाने त्यांना रेषा तुडवली म्हणून बाद दिलं होतं. तुडवली नव्हती. बारा वर्षांनी त्याच पंचाच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ काढायचं काम यांच्याकडे आलं. काम चोख केलं. नवरी, नवरा, पंगती, रडणाऱ्या मावश्या, सगळं आलं. फक्त मुलीचा बाप जिथे जिथे दिसायला हवा तिथे त्याचे गुडघ्याखालचे पाय. "त्याला पाय बगायची हौस ना. म्हटलं, बग आता आयुष्यभर."

मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं होतं. हा माणूस विसरत नाही आणि घाईही करत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गेल्या वर्षीच्या रमजानात त्या ड्राफ्टचा सगळ्यांचा लाडका रिसीव्हर आमच्या टेबलावर आला. उंच, देखणा, पळायला लागला की मागे धूळ. इंटरनेटवरच्या सगळ्या याद्यांत तो पहिल्या दहात. भाईंनी पुठ्ठा लावून चार दिवस त्याला बघितला. "पाय सोन्याचे हायत," म्हणाले, आणि तरीही रिपोर्ट लिहायला घेईनात. कारण दोन सामने असे निघाले की समोरचा गडी याच्या आधीच हलत होता. हा वळायच्या आधी तो वळलेला.

"पायात काय नाय. मग त्याला कळतं कुठून?"

त्यांनी पहिल्यांदाच पुठ्ठा बाजूला ठेवला. रोजा धरलेला, ओठ सुकलेले, आणि डोळे स्क्रीनला चिकटलेले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. "बाय, मनगट बग."

चेंडू आपल्याकडे येणार असला की तो पोरगा आधी डाव्या हातमोज्याचा पट्टा ओढून घट्ट करायचा. दुसऱ्याकडे जाणार असला की पट्ट्याला हातही लावायचा नाही. आम्ही दोघांनी मिळून त्याचे सगळे सामने त्यासाठी परत काढले. एकदाही चुकलं नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, हे लक्षात ठेवा.

"मी डाव्या कोपऱ्यावर जायचा असलो की आधी चड्डी वर ओढायचो," भाई म्हणाले. "पलीकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने हेरलं. एका सामन्यात तीनदा पकडला मला. आपली सवय आपल्याला दिसत नाय गो. दुसऱ्याला दिसते."

मग त्यांनी रिपोर्ट सांगितला आणि मी लिहिला. पोरगा गुणी आहे, पण घेणार असाल तर आधी ही सवय मोडा. मोडत नसेल तर घेऊ नका, वर्षभरात सगळे हेरतील. खाली त्यांचं नाव आलं. त्या वर्षापासूनच कंपनीने नियम केला होता की रिपोर्टखाली बघणाऱ्याचं नाव हवं. त्यांनी त्या नावाचा मोबाईलवर फोटो काढला आणि गावी मुलीला पाठवला. बावीस वर्षं व्हिडिओ काढले, सुरुवातीला नाव यायचं ते स्टुडिओच्या मालकाचं. "बाकी काय नको," मला म्हणाले, "खरं लिवलंय आणि खाली मी हाय."

आमचा साहेब पुण्याचा. त्याला मी आदराने संबोधणार नाही, तुम्हीही अपेक्षा करू नका. मराठी येत असून आमच्याशी इंग्रजीत बोलायचा, आणि मराठी त्याने अपमान करायला राखून ठेवली होती. त्या दिवशी मीटिंगमध्ये त्याने रिपोर्ट मोठ्याने वाचला, आणि मग मराठीवर आला.

"अख्खी अमेरिका या पोराला बघतेय. कोणाला काही दिसलं नाही. आणि आमच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याला मोज्याचा पट्टा दिसला. चाचा, नवरदेवाच्या मुंडावळ्या नीट बांधल्यात का, तेपण लिहून टाका."

सगळे हसले. ज्यांना मराठी कळत नव्हती तेही साहेब हसला म्हणून हसले. मीही हसले.

का हसले? साहेब माझ्याकडे बघत होता म्हणून. माझ्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा कागद त्याच्या टेबलावर होता म्हणून. कारणं पुष्कळ आहेत, माझी पाठ आहेत. भाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग समोर बघत बसले.

"रिपोर्ट बदलायचा तर बदला, साहेब," ते म्हणाले. "खालचं माझं नाव तेवढं काढा."

"नाव कशाला काढायचं? मोठं गिऱ्हाईक आहे, तुमचंच भलं होईल."

पट्ट्याचा सगळा मजकूर साहेबाने उडवला. पोरगा निर्दोष, पहिल्या फेरीत डोळे मिटून घ्या, असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली भाईंचं नाव तसंच ठेवलं. बरोबर ठरलं तर कंपनीचं कौतुक, चुकलं तर चाचा आहेतच. असली अक्कल त्याच्याकडे भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, पुढच्याच्या क्लिपा तयार हायत." मला वाटलं थट्टा करतायत. पण ती थट्टा नव्हती. 'बाय' गेली ती गेलीच. पुठ्ठा माझ्या स्क्रीनवर पुन्हा आला नाही. मी चहा आणला तर "शुक्रन, मॅडम." मी ईदला शीरखुर्म्याचा विषय काढला तर "इन्शाल्ला, मॅडम." बोलणं इतकं गोड की तक्रार कशाची करणार?

तो पोरगा पहिल्या फेरीत गेला. सप्टेंबरात हंगाम सुरू झाला आणि महिना-दीड महिन्यात सगळ्यांनी त्याला हेरलं. एका सामन्यात तर समालोचकाने त्याच्या मनगटाभोवती लाल गोल काढून दाखवला, आणि अख्ख्या जगाने भाईंचा पट्टा पाहिला. अमेरिकेतून विचारणा झाली, हा रिपोर्ट कोणाचा? नाव खाली होतंच. साहेबाने भाईंना केबिनमध्ये बोलावलं, पाच मिनिटांत बाहेर सोडलं. नोकरी गेली म्हणजे इथे व्हिसाही गेला. फरीज बिन ओमरान भागातल्या आपल्या खोलीतलं सामान त्यांनी दोन बॅगांत भरलं.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "भाई, मी बोलू का अमेरिकेशी?"

"तुमची मर्जी, मॅडम."

मी बोलले नाही.

पण मी नाशिकची आहे, आणि डूख कसा धरायचा हे चांगल्या गुरूकडे शिकले होते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टचा एकेक बदल राहतो. कोणी काय खोडलं, कोणी काय लिहिलं, किती वाजता. बघायची कोणाला सवय नव्हती एवढंच. मी ती सगळी पानं काढून ठेवली आणि तीन महिने साहेबाला रोज हसून गुड मॉर्निंग म्हणाले. त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला केकसुद्धा नेला. दरम्यान अल थुमामाजवळच्या एका कंपनीत माझं दुसरं काम पक्कं झालं, कागदावर सही झाली, आणि मगच मला धाडस आलं. हे लपवत नाही.

फेब्रुवारीत नव्या वर्षाच्या रिसीव्हरांवर अमेरिकेशी व्हिडिओ कॉल होता. साहेब टाय लावून आमच्या बारकाईबद्दल बोलत होता. माझी पाळी आली तेव्हा मी नव्या पोरांची यादी न दाखवता भाईंचा मूळ रिपोर्ट स्क्रीनवर लावला. मग त्यावरचं खोडकाम. पट्ट्याची एकेक ओळ लाल होत गेली, आणि प्रत्येक लाल ओळीपुढे साहेबाचं नाव.

"बंद कर ते," साहेब मराठीत म्हणाला.

"थांबा सर," मीही मराठीत म्हणाले, "अजून खाली आहे."

कॉलवरच्या अमेरिकन बाईंनी मला सावकाश वाचायला सांगितलं. मी खूप सावकाश वाचलं. त्याच्या कपाळावरचा घाम, टायकडे जाणारा हात, सगळं बघत वाचलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दहा दिवसांत साहेबाची नोकरी गेली. निरोपाला कोणी उठलं नाही, मी तर खुर्ची फिरवून बसले. मूळ रिपोर्ट जागेवर आला, खाली भाईंच्या नावासकट. अमेरिकेतून पत्र आलं की त्यांनी गावी बसून काम करावं.

दुपारी मी रत्नागिरीला फोन लावला. सगळं सांगितलं, टायसकट.

"'बंद कर' म्हणाला?" भाईंनी विचारलं.

"हो."

"मराठीत?"

"मराठीत."

ते हसले. पोटभर हसले, मला ऐकू येत होतं. मग म्हणाले, "आणि माझं नाव?"

"खाली आहे. वर तुमचाच मजकूर आहे."

"अल्हम्दुलिल्ला. कामाचं त्यांना नको म्हणून कळवा. खलास झालं ते."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "भाई, आता तरी बाय म्हणा."

"साहेब हसला त्याचं मला काय नाय वाटलं, मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "त्याला खेळ कळत नव्हता. तुम्हाला कळत होता."

मी हो म्हणाले. पलीकडे कोणीतरी त्यांना जेवायला बोलावत होतं. "ठेवतो," म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.