क्लेमकाकांच्या तबकडीची फाईल

क्लेम ट्रेगिल्गस म्हणजे आमच्या पोर्ट पेनरिनमधला सर्वांत कोरडा माणूस. दारूचा थेंब नाही. ख्रिसमसचा केकसुद्धा आधी हुंगतात, ब्रँडीचा संशय आला की बायकोवर डाफरतात आणि बिस्किट खातात. आमचं गाव विलायतेतून इथे आलेल्या कॉर्निश खाणकामगारांच्या नातवंडांचं. चॅपेल, बार्ली आणि पास्टी यांच्यावर चालणारं. पास्टी म्हणजे करंजीची थोरली बहीण, पोटात मटण, बटाटा आणि सलगम.

अशा सोवळ्या माणसाला तरुणपणी मिठागरावर उडती तबकडी दिसावी, ही देवाची खोडीच. मावळतीला आली, बार्लीच्या कोठाराएवढी होती आणि आवाज न करता गेली. हवाई दलाचा साहेब चौकशी करून गेला. सरकार गप्प बसलं, गाव बसलं नाही. क्लबमध्ये गार्फील्ड रॉड्डा काकांना चहाचा नुसता कप द्यायचा. "बशी मघाशीच उडाली रे, क्लेम!"

काका म्हणायचे, "सरकारदरबारी लिहून ठेवलंय. उघडेल एक दिवस."

उघडलं. सरकारने जुन्या गुप्त फायली लोकांसाठी मोकळ्या केल्या. काकांनी अख्खं गाव सभागृहात बोलावलं. त्यांना आता दिसत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. माझा आवाज मोठा आहे आणि मला दुसरं काही येत नाही.

त्या सकाळी व्हर्नाकाकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

"डेन्झिल, सगळं वाचू नकोस. त्या साहेबाला मी सांगितलं होतं, माझा नवरा पितो म्हणून."

"क्लेमकाका? अहो, ते खोकल्याचं औषधसुद्धा घेत नाहीत!"

"साहेब त्याला ॲडलेडला न्यायचं म्हणत होता. डोक्याच्या डॉक्टरकडे. त्याच्या चुलतभावाला, जॅकला, तसाच नेला होता. परत आला तेव्हा त्याला बुटाची नाडी बांधता येईना. दारुड्याला कोण नेतंय? अर्धं गाव न्यावं लागलं असतं."

"मग सांगून टाका काकांना."

"खोटं बोलणाऱ्याच्या शेजारी तो चॅपेलमध्येही बसत नाही. मी कुठे बसू?"

मी धीर दिला. मी पानं चाळली होती, नावांवर सरकारने काळी शाई फासली होती. कोणाला कळणार?

दुपारी सभागृह भरलं. काका पहिल्या रांगेत, कोट घालून, नवरदेवासारखे ताठ. पहिलं पान छान गेलं. दुसरं गाळायचा विचार होता, पण काका म्हणाले, "एक ओळ सोडलीस तर काठी आहे माझ्याकडे."

वाचलं. "साक्षीदार क्रमांक दोनच्या म्हणण्यानुसार पहिला साक्षीदार नेहमीचा पिणारा आहे. त्या दिवशी दुपारपासून प्यायलेला होता. क्रमांक दोनने स्वतः काहीही पाहिलेलं नाही. तपास बंद करावा."

काका काठी टेकत उभे राहिले.

"कोण बोललं हे?"

"मी नाही हां!" गार्फील्ड ओरडला. "बश्या लपवल्या, कबूल. पण हे पाप माझं नव्हे!"

"ज्याने कोणी सांगितलं, त्याचं तोंड मी मरेपर्यंत बघणार नाही. पुढे वाच."

माझी नजर पुढच्या ओळीवर गेली आणि मी कागद डोळ्यांजवळ नेला. साहेब खवय्या निघाला होता. "निघताना क्रमांक दोनने वाटेत खायला पास्टी दिली. आत गाजर होतं. उत्तम."

शाई फासणाऱ्या कारकुनाला काय माहीत, की आमच्याकडे पास्टीत गाजर घालणं म्हणजे चॅपेलमध्ये शिट्टी वाजवणं! अख्ख्या गावात हा अधर्म एकाच घरात चालतो, कारण काकांना सलगम पचत नाही.

"वाच की!"

"काका, अक्षर पुसट आहे…"

"मघाशी तर दवंडी पिटत होतास!"

"वाच, डेन्झिल," मागून व्हर्नाकाकू म्हणाल्या.

वाचलं. सगळ्या माना मागे वळल्या. काकांची तेवढी वळली नाही. ते हळूच खाली बसले.

"ते तुला नेणार होते, क्लेम," काकू म्हणाल्या. "जॅकसारखं."



"दारूचं राहू दे," काका मान न वळवताच म्हणाले. "त्या संध्याकाळी तू मिठागराकाठी, आपल्या अंगणात, दोरीवरचे कपडे काढत होतीस. तोंड पाण्याकडे होतं. काही पाहिलं नाही, हेही खोटंच का?"

काकूंनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"पाहिली."

"मोठ्याने बोल."

"पाहिली! तुझा शर्ट चिखलात टाकून न्हाणीत पळाले मी, खिडकीतून बघितलं सगळं!"

"म्हणजे इतकी वर्षं गावात मी एकटाच वेडा?"

"वेडा तर वेडा. घरी होतास ना."

गार्फील्डने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी कागद धरून तसाच उभा, गादी सापडत नसलेल्या मांजरासारखा.

"गेली कुठून?" काकांनी अचानक विचारलं.

"दीपगृहावरून."

"धक्क्यावरून गेली!"

"दीपगृहावरून. तू डोळे मिटून प्रार्थना म्हणत होतास, तुला काय दिसणार?"

काकांनी काठीची वाकडी मूठ अडकवून शेजारची खुर्ची ओढली. तिच्यावर गार्फील्डची बायको बसलेली होती. ती बिचारी तिथून उठली.

"इकडे येऊन बस," काका म्हणाले. "आणि पहिल्यापासून सांग."