गुळाची आठवी भेली

अजूनही मले खरं वाटत नाई. सुरुवातीपासूनच सांगते.

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत मी काट्यावर बसते. ट्रक येते, काट्यावर चढते, स्क्रीनवर आकडा येते, मी पावती काढते. दिवसभर दुसऱ्याचं वजन. अन् स्वतःचं मी सहा महिने पाह्यलंच नाई. आता लिहिताना हसू येऊन राह्यलं, तेव्हा नाई आलं.

दोन वर्षांआधी मी चौऱ्याण्णव किलो होती अन् शुगर अगदी काठावर. शुगरनं बाबाच्या पायाची दोन बोटं गेली, म्हणून आई लय घाबरली. चंद्रपूरच्या डॉक्टर बाईनं भूक अन् शुगर कमी करणारं, हप्त्यातून एकदाचं इंजेक्शन सुरू केलं, पोटात आपलं आपणच टोचायचं. भात अर्धा, डाळ अन् मासोळी जास्त, रोज सकाळी चालणं. आधी डब्यात काय आहे हेच दिवसभर डोक्यात फिरे, ते एकदम चूप झालं. दीड वर्षात मी सदुसष्टवर आली, शुगरही उतरली.

अन् पोळ्याले मी इंजेक्शन बंद केलं. कोणाले सांगतलं नाई, डॉक्टरलेही नाई. वाटलं, उतरलं ना आता, जन्मभर काय टोचत बसायचं. ऑफिसातले 'सुईवाली' म्हणत, ते वेगळंच. मंग भूक परत आली, चालणं एक दिवस सुटलं, मंग चार दिवस. ड्रेस घट्ट झाले तं मी समजली, धुवून धुवून आटले.

इकडे आईनं मार्कंड्याच्या महादेवाले नवस बोलला होता, पोरीची शुगर उतरली का तिच्या वजनाइतका गूळ वाटीन. शिवरात्रीच्या जत्रेत फेडायचं ठरलं. आईनं फोनवर इचारलं, "वजन किती आहे वं तुझं?" मी बिनधास्त म्हणलं, "सदुसष्ट." तिनं दहा-दहा किलोच्या सात भेल्या घेतल्या. वरचे तीन किलो देवाच्या नावानं.

धानोऱ्याहून मामा मोहफूल तोलायचा मोठा काटा घेऊन आला, दोन पारड्यांचा. वैनगंगेच्या काठी चिंचेच्या फांदीले टांगला. एका पारड्यात मी मांडी घालून बसली, दुसऱ्यात मामा भेल्या ठेवू लागला.

"शुगर उतरली म्हणून गूळ वाटते माझी बहीण," मामा म्हणे. "देवालेही कळत नसन, हसू का रडू."

"तू ठेव ना चूपचाप," आई म्हणे.

चार झाल्या, पाच, सहा. सातवी ठेवली. माझं पारडं जमिनीवरच.

"अडकला असन," म्हणून मामानं मले उतरवलं, सगळ्या भेल्या काढल्या, रिकामा काटा पाह्यला. दोन्ही पारडे एकदम बराबर. "काटा चांगला आहे भाची," तो हळूच म्हणे. मी परत बसली. परत सात भेल्या. परत जमिनीवर. लोक जमले होते. एक म्हातारी म्हणे, "खात्यापित्या घरची पोट्टी आहे बापा, आणा अजून एक."

मामानं जत्रेतल्या दुकानातून आठवी भेली आणली. ठेवल्याबरोबर माझं पारडं उचललं अन् दोन्ही समोरासमोर थांबले.

ऐंशी. रोज टनावारी आकडे पाहणारी मी, मले आठ भेल्यांचा हिशोब लावाले दोन मिनिटं लागले.

गूळ वाटून झाला तवा आई घाटाच्या पायरीवर बसली. बंद केलं का, असं तिनं इचारलंच नाई.

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

तिनं पिशवीतून बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी पाण्यासंगं गिळली. "बीपी नीट आहे म्हणून मी दोन दिवस सोडली होती, तं तू किती बोंबलली वं? गोळीनंच नीट आहे आई, असं कोण म्हणे?"

मीच म्हणे.

"गूळ कमी पडला त्याचा राग नाई मले. फोनवर सदुसष्ट काऊन सांगतलं?"

"मी पाह्यलंच नाई आई."

"हे तं त्याच्याहून खराब," ती म्हणे, अन् माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. इवलासा.

सोमवारी चंद्रपूरले गेली. शुगर परत काठाले आली होती, ओलांडली नव्हती. डॉक्टर बाई रागावतील वाटलं, त्या रागावल्याच नाई. म्हणाल्या, "औषध बंद झालं की भूक परत येते. बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, तू काही वेगळी नाहीस. फक्त विचारून बंद करायचं होतं." मधात खंड पडला म्हणून परत छोट्या डोसपासून सुरू. कवा बंद होईन, मी इचारलं. त्या म्हणाल्या, "कमी करता येतं का ते पुढे दोघी मिळून पाहू. चालणं आणि जेवण मात्र कायमचं." कायमचं हा शब्द ऐकून मी बाहेर बाकड्यावर किती वेळ बसली मलेच नाई माहीत.

आता दर रविवारी सकाळी घरच्या काट्यावर उभी राहते अन् आकड्याचा फोटो आईले पाठवते. काल अठ्ठ्याहत्तर होता. आई काही लिहीत नाई, गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवते, त्या दिवसाची गोळी काढलेली.