हर्मिनिओच्या लाडातला हीटर

सान्तियागोच्या नाट्यगृहात एवेलिओ कियालाने पडद्यामागे एकतीस वर्षं पाऊस पाडला, ढग गडगडवले, घोडे दौडवले. एकदा नायकाचं पिस्तूल ऐनवेळी अडकलं, तेव्हा त्याने लाकडी फळी आपटून खलनायकाला ठार केलं. टाळ्या नायकाला मिळाल्या. एवेलिओने फळी जागेवर ठेवली आणि पुढच्या अंकाच्या तयारीला लागला.

निवृत्तीनंतर तो घरच्या मागच्या खोलीत अंधांच्या मंडळासाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करू लागला. वाचायच्या सेनायदा बोने. वय एक्याऐंशी. बाईंनी रेडिओवर वीस वर्षं सावत्र आई केली होती, आणि ती इतकी मनापासून की बाजारात काही बायका अजूनही त्यांना नासकेच आंबे काढून देत.

त्या जुलैत एका जाडजूड कादंबरीची चार प्रकरणं उरली होती. सोमवारी बाईंच्या घशाची शस्त्रक्रिया होती. आवाज राहील, पण कोणता राहील ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बुधवार उजाडला होता. वीज यायची सकाळी आठ ते बारा, त्यामुळे उन्हं उतरायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आणि एवेलिओचा कॉम्प्युटर, जो तीन मेलेल्या कॉम्प्युटरांतून उभा केला होता, विसाव्या मिनिटाला तापून बंद पडायचा. पडण्यापूर्वी त्यातला चिमुकला पंखा असा किंचाळायचा की बाईंची सगळी वाक्यं त्याखाली चिरडली जायची.

"मी तापाने फणफणत असताना तीन अंकी नाटक केलंय," बाई म्हणाल्या. "याला काय धाड भरलीये?"

"याला घाम येत नाही, बाई."

"मग आण त्याला घाम!"

तेच करायचं होतं. तापणाऱ्या भागावर तांब्याची पोकळ डबी बसवायची, मत्स्यपेटीच्या पंपाने तिच्यातून पाणी फिरवायचं आणि ते पाणी रेडिएटरमध्ये निववायचं. डबी झाली, पंप मिळाला. रेडिएटर म्हणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने मॉस्कविच गाडीचा रेडिएटर आणून टाकला. खाटेएवढा नसेल, पण पाळण्याएवढा होता. मोठा तेवढा बरा, असं एवेलिओलाही वाटलं. त्याने तो दिवसभर धुतला. बुधवारी संध्याकाळीही त्यातून कडक कॉफीच्या रंगाचं पाणी येत होतं. चाळीस वर्षांचा गंज एका दिवसात सुटत नाही, आणि त्यातला एखादा कण पंपात गेला तर खेळ खलास.

हवा होता लहान, पितळी आणि आतून कोरा रेडिएटर. पण या गावात गाड्या सगळ्यांच्याच म्हाताऱ्या. मग गुरुवारी सकाळी दाढी करताना त्याला हीटर आठवला. रशियन लाडा गाडीत हिवाळ्यात माणसं उबदार राहावीत म्हणून पुढे एक छोटा रेडिएटर असतो. सान्तियागोच्या बारमाही उकाड्यात तो कोण लावणार? त्याचा नळ कायम बंद, म्हणजे आतून कोराच.

समोरच्या हर्मिनिओ देस्पाइन्येकडे लाडा होती. निवृत्त औषधविक्रेता, गाडीच्या बाबतीत जरा हळवा.

"हीटर?" हर्मिनिओ म्हणाला. "आणि थंडी पडली तर?"

"इथे?"

"एक्याऐंशी सालच्या जानेवारीत माझी आई पायमोजे घालून झोपली होती."

"हर्मिनिओ, तो हीटर चालतो तरी का?"

ही चूक झाली. हर्मिनिओने गाडी सुरू केली, नळ फिरवला, काचा वर केल्या. जुलैच्या उन्हात दोघं सात मिनिटं आत बसून राहिले. गरम वारा झकास येत होता.

"बघ," घाम निथळत हर्मिनिओ म्हणाला. "एकदम नव्यासारखा. आता तर मुळीच देणार नाही."

एवेलिओ घरी गेला आणि सेनायदाबाईंना घेऊन आला. बाई लाडात मागे बसल्या, चष्मा लावला आणि पुढचं प्रकरण वाचू लागल्या. खाणमालकाची बायको पत्र घेऊन जिना चढते. दाराशी थांबते. आत कुणीतरी हसतं. ती दाराच्या मुठीवर हात ठेवते आणि...

बाई थांबल्या.

"आणि?" हर्मिनिओ म्हणाला.

"इथे मशीन बंद पडतं."

"अहो बाई, पण आत आहे कोण?"

"ते मला ठाऊक आहे. तुम्हाला हीटर काढल्यावर कळेल."

हर्मिनिओने स्टिअरिंग एकदा थोपटलं. मग पाना आणायला उतरला.

रेडिएटरवर वारा घालायला पंख्यांचे तीन उमेदवार होते. एवेलिओने प्रत्येकासमोर मायक्रोफोन धरून डोळे मिटले. कॉम्प्युटरचा छोटा पंखा वारा चांगला ओढायचा, पण डासासारखा गुणगुणायचा. रशियन टेबलफॅनमध्ये तर अख्खं विमान होतं. तिसरा फोटोकॉपी मशीनमधला, थाळीएवढा. त्याला बारा व्होल्टऐवजी सातच दिले तेव्हा तो आळसावून फिरू लागला आणि मायक्रोफोनला त्याचा पत्ता लागेना. मात्र रेडिएटरला चिकटवला की मधल्या भागात वारा पोचत नव्हता. चुरूटाचा धूर सोडल्यावर ते दिसलं. एवेलिओने मध्ये चार बोटं उंचीचं पुठ्ठ्याचं नरसाळं बसवलं. धूर सगळ्या पत्र्यांतून सारखा निघाला. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी भरलं, गळती तपासली.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता बाई बसल्या. दाराशी हर्मिनिओ, तोंडावर बोट. विसावं मिनिट आलं, गेलं. चाळिसावं गेलं. दोन प्रकरणं झाली. शनिवारी उरलेली दोन. शेवटचं वाक्य वाचून बाईंनी पुस्तक मिटलं.

"काही घरघर नाही, काही नाही. चालू होतं ना रे?"

"चालू होतं."

"ऐकव."

खोलीत बाईंचा आवाज भरला. त्या मान किंचित कलती करून, दुसऱ्याच कुणाचं काम पाहायला आल्यासारख्या, सगळं ऐकत बसल्या. हर्मिनिओ रुमालात नाक शिंकरत होता. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. पाणी कोमटच होतं.

"शेवटच्या प्रकरणात तिसऱ्या पानावर मी 'आई' हा शब्द गिळला," बाई म्हणाल्या. "चालणार नाही. अजून पाऊण तास आहे. लाव परत."

एवेलिओने लावलं.